सीनाकाठच्या एका बेचिराख गावाच्या नोंदी

26 मार्च 2024

धुळवड झाली, ज्वारी निघाली, रानं मोकळी पडली. पहिला पाऊस येईपर्यंतचा काळ आपल्या कामाचा.

काम काय ते एकदा मांडून ठेवतो. नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सीना नदीच्या काठी एक बेचिराख गाव आहे. महसुली दप्तरात ते आजही स्वतंत्र गाव आहे. त्याला शीव आहे, गाव नकाशा आहे, सातबारे त्याच्याच नावाने निघतात, फक्त तिथे कुणी राहत नाही. कसणारी सगळी कुटुंबं शेजारच्या गावात. हे गाव कुठवर पसरलं होतं, कोणत्या काळात नांदत होतं आणि कसं मोडलं, हे जमिनीवरच्या खुणांवरून काढायचं आहे. कुदळ लावायची नाही. उत्खननाला परवाना लागतो आणि तो आपला हेतूही नाही. जे वर दिसतं ते मोजायचं, फोटो काढायचा आणि जिथल्या तिथे ठेवायचं. शेतमालकांची परवानगी घेतली, पुरातत्त्व संचालनालयाला पत्र दिलं.

गावाचं नाव आणि गट नंबर या नोंदींत येणार नाहीत. ज्यांना कळायला हवेत त्यांच्याकडे आहेत.

31 मार्च

दिवसभर नकाशे. पहिल्या मोजणीचा गाव नकाशा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा आहे. त्यावर शेजारच्या गावांकडून येणाऱ्या गाडीवाटा एका जागी येऊन मिळतात आणि त्या जागेवर एकही घर दाखवलेलं नाही. भोवतालची रानं मोठी, सरळ बांधांची. मिळण्याच्या जागी मात्र लहान, वाकड्या तुकड्यांचा पुंजका. एवढ्या वाटा उगाच रिकाम्या रानाकडे जात नाहीत. जमिनींच्या एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा यातले बरेच बांध मोडले, त्यामुळे आजच्या नकाशावर हा पुंजका दिसतच नाही. असं काम करणाऱ्याने जुनी प्रत मिळवल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

उपग्रहाची चित्रं मे महिन्यातली निवडली. काळ्या रानात राखाडी लंबगोल डाग, पश्चिमेला ठळक, पूर्वेला विरत गेलेला. पश्चिम टोकाला गढीची चौकट ओळखू येते.

वाटांपैकी एक अजून जिवंत आहे. दोन्ही बाजूंना बांध, मधली पाणंद पुरुषभर खोल गेलेली. शेकडो वर्षं बैलगाड्यांनी माती उकरली आणि पावसाने ती वाहून नेली.

6 एप्रिल

आज कडेची रेघ आखली, आणि ती भेगांनी आखून दिली.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात; यंदा पाऊस कमी झाल्याने कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या आहेत. बाहेरून गावाच्या दिशेने चालत गेलं की एका ठिकाणी भेगा अरुंद होतात आणि चार-सहा पावलांत संपतात. तिथून पुढे माती फिकट, भुसभुशीत, पाय टाकला की धूळ. ही पांढर. चुलीची राख, शेण, कोसळलेल्या भिंतींची माती, चुनखडी, हाडांचे बारीक तुकडे असं सगळं मिळून ही जमीन तयार झालेली असते. काळी माती ओलीने फुगते आणि सुकताना फाटते. पांढर फारशी फुगत नाही, म्हणून फाटतही नाही. भेगा जिथे संपतात तिथे खुंटी मारत आणि जीपीएसवर बिंदू घेत पूर्ण फेरी केली.

रेघ डागाशी जुळते, पण पूर्वेला ती बरीच आत येते. तिथे पांढर पातळ आहे, नांगराने काळ्यात पसरवलेली. पश्चिमेला गढीजवळ ती जाड, भोवतालच्या रानापेक्षा स्पष्ट उंच. एकाच गावाच्या दोन बाजूंत एवढा फरक का, हा या कामातला पहिला खरा प्रश्न.

गढीच्या ढिगावर सीताफळाची दाट झुडपं. धोतरा आणि वाळलेला आघाडा पांढरीवर जागोजागी, काळ्यात तुरळक.

11 एप्रिल

वीस मीटरच्या चौकटी पाडल्या. प्रत्येक चौकटीत दोघांनी ओळीने चालायचं, दिसेल ते खापर मोजायचं, वेगळं वाटलं तर पट्टी ठेवून फोटो. काम कंटाळवाणं आहे आणि तसंच असायला हवं. डोळा फक्त देखण्या तुकड्याकडे वळायला लागला की मोजणी बिघडते.

बहुतेक खापर साधं, जाडसर, लाल किंवा काळं. काहींवर अभ्रकाचा लेप आहे, उन्हात तिरपं धरलं की चमकतो. रांजणांच्या खांद्यावर मातीची पट्टी लावून तिच्यावर बोटांनी दाबत नेलेली नक्षी. मोठ्या हंड्यांचे बाहेर वळलेले काठ. दिव्याच्या पणत्या. चकाकीचं, बाहेरून आलेलं भांडं फक्त गढीच्या आसपास, तेही थोडंच. काचेच्या बांगड्यांचे तुकडे सगळीकडे: काळ्या, हिरव्या, आणि काळ्यावर पिवळा पट्टा असलेल्या. अशा रंगीत काचेच्या बांगड्या बहामनी काळातल्या (चौदावं-पंधरावं शतक) वस्त्यांत मुबलक मिळतात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत 1945-46 साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात त्या काळाच्या थरांतल्या बांगड्या नीट अभ्यासल्या गेल्या. आपल्याला तुलनेसाठी त्याचाच मोठा आधार.

जात्याचे तुकडे नोंदवले, बहुतेक अर्धे फुटलेले. अख्खी तळी, म्हणजे जात्याचा खालचा दगड, अजून एकही दिसली नाही.

17 एप्रिल

चिलमी.

भाजक्या मातीची छोटी चिलीम, एक टोक फुटलेलं. आत बोट घातलं तर जळक्याचा काळा थर अजून आहे, बाहेर कुंभाराने काडीने ओढलेल्या तीन रेघा. तुकडा अंगठ्याएवढा. पण मध्ययुगीन वस्तीचा काळ लावायला याच्याइतकी उपयोगी वस्तू क्वचितच मिळते. तंबाखू अमेरिकेतली. पोर्तुगीजांमार्फत ती दख्खनेत आली. अकबराचा दूत असद बेग याने 1604 च्या सुमारास विजापुराहून अकबराच्या दरबारात ती नेली तेव्हा तिकडे ती नवलाईची गोष्ट होती. म्हणजे चिलीम जिथे पडली आहे तिथे साधारण 1600 नंतर माणसं बसत-उठत होती.

चौकटींचा तक्ता काढून चिलमींचे तुकडे नकाशावर टाकले. सगळे पश्चिमेकडे, गढीपासून मारुतीच्या देवळापर्यंतच्या पट्ट्यात. पूर्वेच्या चौकटींत खापर भरपूर, पिवळ्या पट्ट्याच्या बांगड्याही आहेत, पण चिलीम एकही नाही. तिथे फक्त आमची नजर चुकली असेल का, हे पाहायला माणसं बदलून त्याच चौकटी पुन्हा चालायला सांगितल्या. तेच आलं.

म्हणजे पूर्वेची आळी तंबाखू गावोगाव पसरण्याआधीच रिकामी झाली आणि पश्चिमेची नांदत राहिली. 6 तारखेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

23 एप्रिल

हनुमान जयंती. गाव नाही, पण गावचा मारुती आहे आणि त्याचा उत्सव होतो. शेजारच्या गावातली माणसं पहाटेच जमली. शेंदराचे थर इतके की मूर्तीचा आकार गोल झालाय. पहिला नारळ एका ठरावीक घराण्याचा. ते याच पांढरीचे मूळचे, असं सगळे मानतात. आधी पांढरीला हात लावून नमस्कार, मग देवाला.

देवळाच्या मागे वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्यांच्या स्मारकशिळा, ओळीने टेकवून ठेवलेत. सर्वांत चांगला टिकलेला मोजला. खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला आणि त्याच्या मागे गायींची रांग: गुरं पळवणाऱ्यांशी लढताना मेलेला माणूस. त्यावरच्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज, त्यावर दोन अप्सरा त्याला दोन्ही हातांनी धरून वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे बसला आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. दुसऱ्या बाजूला एक सतीशिळा, खांबातून निघालेला कोपरात वाकलेला हात आणि हातात बांगड्या. अक्षरं कशावरही नाहीत. घडण यादवकाळातल्या दगडांशी जुळते, पण या तऱ्हेचे दगड नंतरही घडवले गेले, म्हणून तक्त्यात शतक लिहिलेलं नाही.

नैवेद्य वाढताना एका आजींना विचारलं, गाव कशानं मोडलं?

“पिलेग आला बाबा. एका रातीत सारी उठली, चुलीवरची भाकर चुलीवर राहिली.”

त्यांच्या शेजारचे मामा म्हणाले, “पिलेग न्हाई, पेंढारी. माझा आजा सांगायचा.”

दोघांचंही शब्दशः लिहून घेतलं. प्लेग मुंबईत आला 1896 साली आणि मोजणीच्या नकाशावर त्याच्या कितीतरी आधी इथे एकही घर नाही. प्लेगात गावं ओस पडायची, लोक रानात झोपड्या घालून राहायचे, ही आठवण या भागात सगळीकडे पक्की आहे. ती या पांढरीला चिकटली असावी.

29 एप्रिल

आजची नोंद लांबणार आहे.

पूर्वेच्या आळीच्या कडेला पांढरी माती जेसीबीने काढून नेल्याने एक उभा छेद तयार झालाय, माणसापेक्षा थोडा उंच. माळवदावर टाकायला आणि रानात खत म्हणून ही माती पूर्वीपासून नेतात. बैलगाडीने नेत होते तोवर पांढर हळूहळू संपायची, यंत्राने एका सकाळीत आळी जाते. मला याचा फार त्रास होतो. तेर, पैठण, भोकरदन अशा मोठ्या पांढरींचंही याच मार्गाने नुकसान झालं. तिथे निदान अभ्यास झाला. लहान गावांची तर नोंदसुद्धा झालेली नाही.

छेदाला हत्यार लावलं नाही. मऊ कुंचल्याने सुटी धूळ झटकली, पट्टी उभी केली, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घेतले.

तळाशी काळी माती, मूळ जमीन. तिच्यावर मुरमाचा बसका थर. त्याच्यावर सारवणाच्या जमिनी: पिवळसर माती, मग शेणाची गडद बारीक रेघ, पुन्हा माती, पुन्हा रेघ, वहीची पानं कडेनं पाहावीत तशा. नखाच्या जाडीत कित्येक. दर सणाला, दर आठवड्याला कुणीतरी वाकून हातानं हे सारवत होतं. एका जागी रेघा खाली वळून एका खळग्यात उतरतात आणि खळग्यात लाल भाजलेली माती आहे. चूल. तिच्याही तळाला दोन वेळा नवी माती लिंपलेली दिसते.

छेदाच्या उजव्या टोकाला पेव कापलं गेलंय. तोंड अरुंद, खाली फुगत गेलेलं, तळ सपाट, भिंतीला काडाच्या अस्तराचा करडा पापुद्रा. धान्य साठवायचं जमिनीखालचं पेव. आणि ते राखेनं भरलंय. थर तिरपे आहेत, एका बाजूने ओतल्यासारखे: राख, खापर, जनावरांची हाडं, पुन्हा राख. वरच्या राखेत काळी-पिवळी बांगडी अडकलेली आहे.

हे पेव म्हणजे आतापर्यंतचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा. धान्य ठेवायची जागा कुणी आपल्या हातानं उकिरडा करत नाही. ज्या घराचं ते पेव होतं ते घर उठलं होतं. पण राख टाकायला शेजारी होते, आणि बराच काळ टाकत होते, कारण थरांमध्ये पावसात वाहून आलेल्या बारीक मातीच्या पट्ट्या आहेत. एक घर रिकामं, शेजारचं चालू. चुलीवर भाकर टाकून एका रात्रीत उठलेल्या गावात असं दिसलं नसतं.

4 मे

वावरांची नावं गोळा केली. कुंभारकी, लोहाराचा तुकडा, वाण्याचं वावर, गतकुळी. आज कसणारे वेगळ्याच घराण्यांतले, नावं मात्र टिकून. कुंभारकीत गेलो तर वाकडी झालेली, जास्त भाजून फुगलेली आणि एकमेकांना चिकटलेली खापरं. भट्टीतला बिघडलेला माल. लोहाराच्या तुकड्यात लोखंडाचं कीट, जड आणि बुडबुड्यांचं. दोन्ही जागा पांढरीच्या बाहेर, वाऱ्याच्या उतरत्या बाजूला.

गतकुळी म्हणजे ज्या मिरासदाराचा (वंशपरंपरेने जमीन धारण करणाऱ्याचा) वंश खुंटला किंवा जो परागंदा झाला त्याची जमीन. हे नाव पूर्वेच्या आळीला लागूनच्या रानाला आहे.

9 मे

काल अमावस्या होती. आज सकाळी वीरगळांच्या मागे दोन ताजे खड्डे, लिंबं, कुंकू, आणि एक सतीशिळा उपटून पालथी पाडलेली. गुप्तधनवाले. नाव न लिहिण्याचं कारण हेच. वीरगळाखाली धन असतं हा समज कुठून आला कुणास ठाऊक. त्याच्याखाली कधीच काही ठेवलेलं नसतं. ते गावानं आपल्या माणसासाठी उभं केलेलं स्मारक आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असं 1878 चा निखात निधी कायदा सांगतो, आणि शंभर वर्षांपुढची मूर्ती किंवा कोरीव दगड 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतो. हे सगळं सरपंचांना आणि पोलीस पाटलांना समजावून सांगितलं. शिळा गावातल्या मुलांनी दोर लावून उभी केली. दगडाची नक्षी शाबूत आहे.

16 मे

शेजारच्या गावात फिरलो, घरांच्या पायथ्यांकडे पाहत. जोत्यांत घडीव दगड, काहींवर कमळाच्या पाकळ्यांची पट्टी. एका गोठ्याच्या उंबऱ्याला चौकटीची जुनी शिळा. हाळाजवळ धुणं धुवायला एक अख्खं जातं, तळी आणि पेड दोन्ही. ते त्या घरच्या ताईंनी मोठ्या आस्थेनं दाखवलं: “आमच्या सासऱ्याच्या आज्यानं पांढरीवरनं आणलं.” पांढरीवर फक्त फुटकी जाती का सापडतात ते कळलं. चांगलं होतं ते उचलून आणलं गेलं: जाती, उखळं, चौकटी, खण, तुळया.

एका घरी देवघरात नांगरटीत मिळालेली तांब्याची नाणी आहेत. पाहू दिली. त्यांत दोन दुदांडी शिवराया, म्हणजे मराठेशाहीतले तांब्याचे पैसे. ही पेशवाईच्या उत्तरकाळातली घडण. मिळालेली जागा गढीच्या पायथ्याची. म्हणजे पश्चिमेची वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तरी धरायला हवी, आणि मोजणीच्या नकाशाआधी ती उठली.

रात्री इंग्लंडमधल्या व्हॅरम पर्सीचा विचार करत होतो. यॉर्कशरमधलं ओस पडलेलं गाव. बेरेसफर्ड आणि हर्स्ट यांनी 1950 ते 1990 दर उन्हाळ्यात तिथे काम केलं. तिथेही लोक म्हणायचे, महामारीनं मोडलं. प्रत्यक्षात 1348-49 च्या साथीनंतरही गाव चालू होतं. शेवटची कुटुंबं 1500 च्या सुमारास मेंढ्यांच्या कुरणासाठी उठवली गेली. चर्च मात्र शेजारच्या वस्त्यांसाठी पुढेही चालू राहिलं, आपल्या मारुतीसारखं. फरक एवढाच की कुरण झाल्यामुळे तिथल्या घरांचे उंचवटे आणि खोल वाटा गवताखाली टिकल्या. इथे गावावर नांगर फिरला.

25 मे

फॉस्फेटची चाचणी. माणसं आणि गुरं राहिलेल्या जमिनीत फॉस्फरस साचतो आणि सहजी निघून जात नाही. स्वीडनमध्ये ओलोफ अऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने हे गेल्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिलं. गाळणीच्या कागदावर चिमूटभर माती, दोन रसायनं, मग निळा रंग किती गडद येतो ते पाहायचं. बेसॉल्टच्या जमिनीत मुळातच फॉस्फरस असतो आणि रानात खतं पडतात, म्हणून बाहेरच्या काळ्या रानातले नमुनेही घेतले. पांढरीवर रंग स्पष्ट गडद. सर्वांत गडद मारुतीच्या उत्तरेला, जिथे खापर जवळजवळ नाही. गुरांचा तळ किंवा कोंडवाडा असावा.

2 जून

सगळ्या नोंदींचे थर एकावर एक ठेवून नकाशा पुरा केला. माझं म्हणणं आता असं आहे.

हे गाव एकदा मोडलेलं नाही. पूर्वेची आळी 1600 च्या आगेमागे रिकामी होत गेली, घराघरानं. उरलेली वस्ती गढीच्या आसऱ्याला सरकली आणि आणखी दीड-दोनशे वर्षं तरी नांदली. 1396 पासूनचा दुर्गादेवीचा दुष्काळ, 1630 चा दुष्काळ, 1803-04 चा होळकरांच्या स्वाऱ्यांपाठोपाठ आलेला दुष्काळ, हे तिन्ही या मुलखावरून गेले. शेवटच्याचा काळ पश्चिमेच्या वस्तीच्या अखेरीशी जुळतो. 1630 चा पूर्वेच्या आळीशी जुळू शकतो, कारण तेव्हा तंबाखू गावागावांत रुळली नसावी. जुळणं म्हणजे कारण सिद्ध होणं नव्हे, म्हणून नकाशावर दुष्काळाचं नाव टाकलेलं नाही.

शिवाय ओस गाव पुन्हा वसायचं. सरकार कौल (वसण्याचं हमीपत्र) द्यायचं, इस्तावा लावून द्यायचं: पहिल्या वर्षी नाममात्र धारा, मग दरसाल थोडी चढती, काही वर्षांनी पूर्ण आकार. त्यावर नवे उपरी (बाहेरून आलेले, मिरास नसलेले कसणारे) यायचे, जुने परतायचे. गतकुळी हे नाव त्याच व्यवहारातलं आहे. म्हणून “गाव का मोडलं” यापेक्षा “शेवटच्या वेळी कुणीच परत का आलं नाही” असं विचारायला हवं. माझा कल बारवेकडे आहे. शेजारच्या गावाच्या बारवेला यंदाच्या उन्हाळ्यातही पाणी टिकलंय आणि पांढरीवरचा आड गाळानं भरलेला. पण आड केव्हा आटला हे वरून दिसत नाही.

7 जून

काल संध्याकाळी पाऊस झाला. भेगा मिटायला लागल्या, कडेची रेघ आता दिसणार नाही.

नकाशाच्या प्रती ग्रामपंचायतीला आणि संचालनालयाला दिल्या. वीरगळांचे फोटो आणि मापं वेगळी जोडली. छेदाच्या वावराचे मालक दादा म्हणाले, पूर्वेकडची माती या वर्षी कुणाला देणार नाही, पुढचं पुढे. त्यांना पेवाचा फोटो मोठा करून हवा होता, दिला. तिथे ते तूर पेरणार आहेत. छेदाच्या कडेनं हातभर जागा सोडायला तयार झाले, म्हणजे पाण्यानं तो लगेच ढासळणार नाही.

राहिलेलं: गढीच्या उत्तर बुरुजाची मापं, सीताफळं छाटल्याशिवाय घेता येत नाहीत. कुंभारकीतल्या भट्टीच्या मालाची गढीजवळच्या खापराशी तुलना. पुण्याच्या पुराभिलेखागारात परगण्याच्या मोडी कागदांत गावाचं नाव शोधणं. मोडी वाचणाऱ्या मित्राने दिवाळीनंतरचा वेळ दिलाय. आणि आडाच्या मालकांना गाळ काढायचाच आहे. काढतील तेव्हा निघणारी माती थराथरानं वेगळी टाका, आम्हाला आधी कळवा, असं सांगून ठेवलंय.